लॉची सीईटी पुन्हा द्यायची? आधी मागच्या निकालाची उलटतपासणी करा

लॉच्या सीईटीचा निकाल लागला आणि मनासारखे गुण नाही पडले, की घरात दोन सल्ले हजर होतात. एक म्हणतो, "वर्षभर थांब, पुढच्या वेळी नक्की चांगले पडतील." दुसरा म्हणतो, "मिळेल ते कॉलेज धर, वर्ष वाया घालवू नकोस." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण ते देणाऱ्यांपैकी स्कोअरकार्ड आणि उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलेलं सहसा कुणी नसतं. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, हे हिंमत किती यावर ठरत नाही. गुण कुठे गेले, का गेले आणि ते परत मिळाले तर प्रवेशात नेमका काय फरक पडेल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरतं. ही उत्तरं बऱ्याच अंशी मागच्या निकालातच सापडतात.

करवीर तालुक्यातल्या उचगावात हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त घरांत विचारला जाणार आहे. पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेलं, गांधीनगरच्या कापडपेठेला खेटून असलेलं हे गाव कोल्हापूर शहराच्या अगदी उंबऱ्यावर आहे. कोल्हापुरात कायद्याचं शिक्षण नवं नाही. शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासून चालू आहे. नवं आहे ते मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. अनेक दशकांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामं आता इथे चालतात. ज्या कामासाठी पक्षकार आणि वकील रात्रीची गाडी धरून मुंबईला जात, ते काम शहरात आलं. त्यामुळे बारावीच्या आणि पदवीच्या मुलामुलींना वकिलीची वाट जवळची वाटू लागली, तर नवल नाही. त्या वाटेवरचं पहिलं फाटक म्हणजे प्रवेशपरीक्षा.

दोन परीक्षा, दोन वेगळ्या मागण्या

महाराष्ट्रात लॉच्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा २०१६ पासून घेतली जाते. त्याआधी बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळत. सीईटी दोन प्रकारची आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरी. अलीकडे दोन्हींत १२० प्रश्न आणि १२० मिनिटं असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही वाचता येतात.

दुसरी परीक्षा क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. ती २००८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विधी विद्यापीठांचे प्रवेश तिच्यातून होतात. इथेही १२० प्रश्न आणि दोन तास. पण पेपर फक्त इंग्रजीत, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. शिवाय प्रश्न सुटे नसतात, उताऱ्यांवर असतात. एक उतारा साधारण ४५० शब्दांचा आणि त्यावर चार ते सहा प्रश्न. ढोबळ हिशोब केला तर दोन तासांत दहा हजारांच्या आसपास शब्द वाचायचे आणि वाचतावाचता उत्तरंही द्यायची.

पुन्हा परीक्षेला बसण्याचा विचार करताना हा फरक सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवा. सीईटीत माहिती आणि चपळाई कमी पडली असेल, तर ती काही महिन्यांत वाढवता येते. क्लॅटमध्ये इंग्रजी वाचनाचा वेग कमी पडला असेल, तर तो एखाद्या क्रॅश कोर्सने वाढत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला त्यासाठी वर्षभर रोज इंग्रजी अग्रलेख, निकालांच्या बातम्या आणि लांब लेख वाचावे लागतात. हे वर्ष ती खरोखर वाचनात घालवणार असेल, तर दुसऱ्या प्रयत्नाला अर्थ आहे. तेच क्लास आणि त्याच नोट्स पुन्हा फिरवणार असेल, तर निकालही बहुधा तसाच येईल.

गुणांमध्ये नशीब किती असतं?

मिळालेले गुण म्हणजे आपली नेमकी पातळी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक परीक्षेच्या गुणांत योगायोगाचा वाटा असतो आणि तो मोजताही येतो.

समजा, सीईटीच्या १२० पैकी ६० प्रश्नांची उत्तरं तुम्हाला पक्की येतात. उरलेल्या ६० प्रश्नांना गुण कापले जाणार नाहीत म्हणून तुम्ही अंदाजाने पर्याय निवडता. चार पर्यायांतला एक बरोबर, म्हणजे सरासरी १५ उत्तरं बरोबर येतील आणि एकूण ७५ गुण होतील. पण ही झाली सरासरी. संभाव्यतेच्या गणिताने ही पंधराची संख्या कधी दहा होते, कधी वीस. तीनपैकी सुमारे दोन वेळा ती १२ ते १८ च्या दरम्यान राहील आणि क्वचित त्याहून बरीच इकडेतिकडे जाईल. म्हणजे एकाही शब्दाचा जादा अभ्यास न करता तोच विद्यार्थी एका दिवशी ७० गुण घेईल आणि दुसऱ्या दिवशी ८०.

अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी असलेली एलसॅट ही परीक्षा १९४८ पासून चालू आहे. तिचे गुण १२० ते १८० या पट्टीवर असतात. परीक्षा घेणारी संस्था प्रत्येक गुणाभोवती साधारण तीन गुणांचा पट्टा दाखवते. १५६ गुण म्हणजे १५३ ते १५९ च्या दरम्यान कुठेतरी, असं ती स्वतःच सांगते. तिथे ही परीक्षा पाच वर्षांत पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा देता येते. परीक्षा एकाच बैठकीत माणसाला पूर्ण मोजू शकत नाही, हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केलं आहे. आपल्याकडे लॉची सीईटी आणि क्लॅट वर्षातून एकदाच होतात. गुण त्याच वर्षापुरते चालतात. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही, पण प्रत्येक प्रयत्नाला एक वर्ष मोजावं लागतं.

मग मागचा निकाल नशिबाचा की पातळीचा, हे ओळखायचं कसं? सराव पेपरांची सरासरी काढा. परीक्षेआधीच्या महिन्यात, वेळ लावून आणि खऱ्या परीक्षेइतकेच अवघड सोडवलेले निदान आठ-दहा पेपर धरा. सरावात सरासरी ८५ आणि परीक्षेत ७४ असतील, तर तो दिवस वाईट गेला. पुन्हा बसायला हे सबळ कारण आहे. सरावातही ७४ आणि परीक्षेतही ७४ असतील, तर परीक्षेने खरं तेच सांगितलं. इथे पुन्हा बसायचं असेल, तर अभ्यासाची पद्धत बदलल्याशिवाय उपयोग नाही. आणि सरावात ६६ असताना परीक्षेत ७४ पडले असतील, तर नशीब तुमच्या बाजूने होतं. त्याच तयारीवर पुन्हा बसलात तर गुण खाली येण्याचीच शक्यता जास्त. आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये हाच नियम मांडला होता. टोकाचं मोजमाप पुढच्या खेपेला सरासरीकडे झुकतं. परीक्षेचे गुणही याला अपवाद नाहीत.

चुकांची तीन गाठोडी

सीईटी कक्ष आक्षेपांच्या मुदतीत उमेदवाराला त्याने दिलेली उत्तरं आणि उत्तरतालिका पाहू देतो. ती उत्तरं तेव्हाच उतरवून ठेवावीत. निर्णयासाठी त्याहून मोलाचा कागद नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका गटात टाका. माहितीच नव्हती. माहिती होती पण वेळ संपला. माहिती होती, वेळही होता, तरी चुकलं.

तिसऱ्या गटाचं एक उदाहरण घ्या. कायद्याच्या तर्कावरच्या प्रश्नात आधी एक तत्त्व दिलेलं असतं. समजा तत्त्व असं आहे : 'दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीवाचून प्रवेश करणं म्हणजे अतिक्रमण, नुकसान झालेलं असणं आवश्यक नाही.' त्यानंतर प्रसंग : एक शेतकरी शेजाऱ्याच्या उसातून वाट काढत आपल्या विहिरीवर गेला. ऊस मोडला नाही, पाटही फुटला नाही. शेजाऱ्याने दावा लावला. काय होईल? गावात वाढलेल्या मुलाला चटकन वाटतं, यात काय एवढं, असं तर रोजच चालतं. तो 'अतिक्रमण नाही, कारण नुकसान नाही' हा पर्याय निवडतो आणि गुण घालवतो. त्याला कायदा येत नव्हता असं नाही. दिलेलं तत्त्व बाजूला ठेवून त्याने स्वतःचा व्यवहार लावला, एवढंच.

अशा चुका पन्नास-साठ प्रश्न नीट तपासून सोडवले की बऱ्याच कमी होतात. काही आठवड्यांचं काम. सामान्य ज्ञानातली उणीव भरायला काही महिने लागतात. वेळ संपत असेल तर वाचनाचा वेग वाढवावा लागतो आणि त्याला सगळ्यात जास्त काळ लागतो. तिसरं गाठोडं मोठं असेल, तर पुन्हा बसण्यात फायदा आहे. पहिलं मोठं असेल, तर वर्षभर अभ्यास करण्याची तयारी हवी. दुसरं मोठं असेल, तर वर्षाचं नियोजन कागदावर लिहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पर्सेंटाइलची पायरी सारखी नसते

परीक्षा एकापेक्षा जास्त सत्रांत झाली की कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल लावलं जातं. तुमच्या सत्रातल्या किती टक्के उमेदवारांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, एवढंच ते सांगतं. समजा सत्रात १०,००० उमेदवार आहेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे १,००० जण. बहुतेकांचे गुण मध्याजवळ गर्दी करून असतात. त्यामुळे पन्नास-साठ पर्सेंटाइलच्या आसपास चार गुण वाढले, तरी शेकडो उमेदवार मागे पडतात. वरच्या टोकाला गर्दी विरळ असते, म्हणून ९८ चे ९९ करायला बरेच गुण जास्त लागू शकतात. '५५ पर्सेंटाइल आलं, आता काही खरं नाही' असं म्हणणाऱ्या मुलाला खरं तर सुधारणेला सगळ्यात जास्त वाव असतो.

आता सुरुवातीच्या तिनांपैकी तिसरा प्रश्न : पर्सेंटाइल वाढलं तर कॉलेज बदलेल का? कॅप म्हणजे केंद्रीकृत प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये कोणत्या कॉलेजात, कोणत्या प्रवर्गात, किती गुणांपर्यंत प्रवेश झाले, याच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. तुम्हाला हवं असलेलं कॉलेज शोधा. मागच्या दोन-तीन वर्षांचा शेवटचा आकडा पाहा आणि त्याशेजारी तुमचा आकडा लिहा. अंतर योगायोगाच्या पट्ट्यातलं असेल, तर पुन्हा बसण्यात तथ्य आहे. अंतर खूप मोठं असेल, किंवा वाढीव गुणांनीही त्याच कॉलेजात प्रवेश मिळणार असेल, तर वर्ष कशासाठी द्यायचं?

गुण होते, कागद नव्हते

काही वेळा मुलगी गुणांमुळे मागे राहिलेली नसते, कागदांमुळे राहिलेली असते. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही, म्हणून राखीव जागेचा दावा गेला आणि नाव खुल्या यादीत पडलं. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली आणि नवं काढायचं राहून गेलं. पसंतिक्रम भरताना घरच्यांच्या आग्रहाखातर अशी कॉलेजं वर टाकली, जिथे जायचंच नव्हतं. अशा वेळी सगळा अभ्यास पुन्हा करण्याआधी सेतू कार्यालयात आणि पडताळणी समितीकडे खेपा घालणं जास्त गरजेचं आहे. प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या बाकी असतील, तर कदाचित याच वर्षी काम होऊन जाईल.

वर्षाची किंमत आणि मधल्या वाटा

एका वर्षाची किंमत नुसत्या क्लासच्या फीइतकी नसते. वकिलीचं उत्पन्नही एक वर्ष उशिरा सुरू होतं. वडील गांधीनगरच्या पेठेत किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नोकरीला असतील आणि घरात धाकटी भावंडं असतील, तर हा भार सगळ्या घरावर पडतो. म्हणून हा हिशोब घरात उघडपणे मांडला पाहिजे.

पण थांबायचं की धरायचं, एवढेच दोन पर्याय नाहीत. पहिली मधली वाट म्हणजे मिळालेल्या कॉलेजात प्रवेश घेऊन पुढची परीक्षा देणं. क्लॅट आता डिसेंबरच्या सुरुवातीला होते आणि आपल्याकडची लॉची प्रवेशप्रक्रिया अलीकडच्या वर्षांत पावसाळा सरेपर्यंत लांबते, त्यामुळे मध्ये फार महिने उरत नाहीत. हजेरीही सोडता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे लॉच्या अभ्यासक्रमात ७० टक्के उपस्थिती लागते. दुसरीकडे प्रवेश मिळाला तर आधीचा रद्द करावा लागतो. मुदतीत रद्द केला तर बहुतेक फी परत मिळते, मुदतीनंतर नाही. मूळ दाखले कॉलेजात अडकतात, ते सोडवायला वेळ लागतो. हे सगळं आधी माहीत असेल, तर ही वाट चांगली आहे. पाया पक्का राहतो आणि प्रयत्नही होतो.

दुसरी वाट तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ हुकलं म्हणून कायद्याचा दरवाजा बंद होत नाही. बीए, बीकॉम किंवा बीएस्सी करा. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. मग तीन वर्षांची सीईटी द्या. एकूण एक वर्ष जास्त जातं, म्हणजे वर्षभर थांबून ड्रॉप घेतल्याइतकंच. पण हातात एक पूर्ण पदवी असते. वयाची भीती बाळगू नये. बार कौन्सिलने घातलेल्या २० आणि ३० वर्षांच्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली, आणि आज या प्रवेशांना वय आड येत नाही.

ड्रॉप घ्यायचाच असेल, तर ते वर्ष रिकामं नसावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. मुंबईत त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचंही साहाय्य मिळालं. १९२० मध्ये ते परत लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. मधल्या काळात ते नुसते संधीची वाट पाहत बसले नाहीत. नोकरी, लेखन, सार्वजनिक काम सगळं चालू होतं. आपलं वर्ष त्या तोलाचं नसेल, पण दिशा घ्यायला हरकत नाही. एखाद्या वकिलाकडे सकाळी फायली लावायला जा. कोर्टात बसून कामकाज ऐका. रोज इंग्रजी वाचा. परीक्षेचं पुढे काहीही झालं, तरी हे वाया जाणार नाही.

निकालांच्या अनिश्चिततेसाठीही थोडी जागा ठेवावी लागते. १ डिसेंबर २०२४ ला झालेल्या क्लॅटच्या उत्तरतालिकेचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सुधारित निकाल यायला मे २०२५ उजाडला. सगळी भिस्त एकाच परीक्षेवर ठेवलेल्या मुलांचे ते पाच महिने टांगणीत गेले. ड्रॉप घेणाऱ्यानेही सीईटीचा अर्ज, कॅपची नोंदणी आणि पदवीचा पर्याय, हे तिन्ही हाताशी ठेवावेत.

निर्णय कागदावर उतरवा

एका कागदावर चार ओळी लिहा. पहिली : माझे किती गुण कोणत्या कारणाने गेले. दुसरी : सरावाची सरासरी आणि परीक्षेचे गुण यांत अंतर किती. तिसरी : हव्या असलेल्या कॉलेजचा शेवटचा आकडा आणि माझा आकडा. चौथी : या वर्षात मागच्यापेक्षा वेगळं काय करणार, आणि पैशाची सोय काय. पहिल्या तीन ओळींत आकडे आले आणि चौथीत ठोस योजना आली, तर बेधडक पुन्हा बसा. मग शेजारपाजारचे काय म्हणतील याची पर्वा करू नका. चौथी ओळ कोरी राहिली, किंवा तिच्यात 'जास्त मेहनत' एवढेच दोन शब्द आले, तर मिळालेलं कॉलेज घ्या आणि तिथे मन लावून शिका. उच्च न्यायालय आता शहरात आहे. कोल्हापुरात लॉ शिकणाऱ्या मुलाला मुंबईला न जाता ते कामकाज जवळून पाहता येतं, आणि ही संधी कोणत्याही कट-ऑफवर ठरत नाही. आईवडिलांनी हा कागद मुलांसोबत बसून वाचावा आणि मग जो निर्णय होईल, तो वर्षभर टिकवण्याची जबाबदारी सगळ्यांनी मिळून घ्यावी.